जंगलाच्या तिजोरीची दुसरी चावी

होळीच्या मागेपुढे रात्रीच्या गाडीने घाट उतरणाऱ्या प्रवाशाला समोरच्या काळ्या डोंगरावर एक तांबडी रेघ दिसते. नागमोडी, बारीक, लांबून पाहिली तर दिव्यांची माळ वाटावी अशी. गाडीतले कोणी तरी खिडकीशी सरकते, “काय सुंदर दिसतंय!” म्हणते आणि मोबाइल बाहेर काढते. ती रेघ सावकाश वर सरकत असते. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाणाऱ्याला डोंगराचा तेवढा भाग डांबर फासल्यासारखा काळा दिसतो. पुढे पाऊस पडतो, हिरवे गवत येते आणि तो वणवा आपण विसरून जातो.

वणवा हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याची धगच निघून गेली आहे. बातमी वणव्यासारखी पसरते, महागाईचा वणवा पेटतो. महाभारतातले खांडववन जळाले तेव्हा अर्जुनाला गांडीव धनुष्य मिळाले, एवढेच आपल्याला लहानपणापासून आठवते. त्या आगीतून वाचले किती, तर मयासुर, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. अवघे सहा जीव. व्यासांनी हा हिशोब लिहून ठेवला आहे. आपण तो वाचायचे टाळतो.

आणखी एक गंमत पाहा. आपण ‘वणवा लागला’ असे म्हणतो. या वाक्यात लावणारा कोणीच नाही. उन्हाळा लागावा, ठेच लागावी, तसा वणवाही आपोआप लागतो अशी आपली समजूत. बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते आणि जंगल पेटते, असे आमच्या लहानपणी मोठी माणसे सांगत. वीज पडून आग लागते, असेही आपण ऐकलेले असते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचा पश्चिम भाग इथल्या जंगलांत कोरड्या विजांमुळे खरोखरच मोठे वणवे पेटतात. पण आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कडाडते ती बहुधा वळवाच्या पावसाबरोबर, आणि तिने लावलेली आग पुष्कळदा तो पाऊसच विझवतो. आपले वणवे पेटतात ते निरभ्र आकाशाखाली, आणि बहुतेक वेळा रस्त्यालगत, पायवाटेलगत, शेताच्या बांधालगत. भारतातले जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी एका खातेदाराने सांगितले होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, जंगलाला लागून असलेल्या एका शाखेत माझी बदली झाली होती. वनखात्याकडे उन्हाळ्यापुरते रोजंदारीवर आग राखायला जाणारा एक माणूस आमच्याकडे बचत खाते ठेवून होता. पासबुकात शंभर-दीडशे रुपयांच्या वर शिल्लक क्वचित जायची. एकदा त्याच्या हाताच्या फोडांकडे पाहून मी सहज म्हणालो, “यंदा आग फार लागली म्हणे?” तो अंगठ्याची शाई पुसत म्हणाला, “लागत नाही जी साहेब, लावतात.”

मग त्याने कोण लावतात तेही सांगितले. मोहाची फुले पहाटे गळतात. खालचा पालापाचोळा जाळून टाकला की काळ्या जमिनीवर ती पटकन वेचता येतात. तेंदूला कोवळी पाने चांगली फुटावीत म्हणून कोणी आग लावतो. नवे गवत लवकर यावे म्हणून गुराखी लावतो. इकडे कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. वारा सुटला तर बांधावरची आग डोंगराला लागते. ही सारी कारणे जुनी आहेत. त्यांनी जंगलाचे नुकसान होते हे खरेच, आणि पाला जाळण्याऐवजी झाडून घेणे, झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरणे असे उपायही आहेत. पण त्या प्रत्येक आगीमागे कोणाचे तरी पोट आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या यादीत एका नव्या माणसाची भर पडली आहे. तो शनिवारी संध्याकाळी येतो आणि रविवारी दुपारी जातो. त्याच्याजवळ तंबू असतो, गाणी वाजवणारा डबा असतो, मसाला लावलेले मांस किंवा पनीर असते आणि पेटवायला लाकूड तो तिथलेच गोळा करतो. किल्ल्यांच्या माच्यांवर, धरणांच्या काठांवर, पठारांवर सध्या तंबूंची गावे उभी राहतात आणि त्यांच्या जाहिरातीत शेकोटी हा ठळक अक्षरांतला शब्द असतो. हा माणूस म्हणजे दुसरा कोणी नाही. तुम्ही आहात, मी आहे, आपली मुले-सुना-जावई आहेत. या लेखाचा विषय आपण आहोत. गावकऱ्याला उपदेश करणारे पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, उघड्यावर चूल मांडून जेवणे ही तर आपली परंपरा. जरूर आहे. पण परंपरेचे पंचांगही पाहावे. आवळीभोजन कार्तिकात. तेव्हा रानात ओल असते, गवत अजून पुरते वाळलेले नसते. हुर्डा थंडीत, आणि तोही शेतात, मोकळ्या जमिनीवर खड्डा करून भाजतात. रायगड जिल्ह्यातली पोपटी घ्या. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडके आणि भोवती आग. तीही थंडीतली आणि शेतातली. चैत्र-वैशाखात, वाळल्या गवताच्या डोंगरावर जाऊन चूल पेटवावी असे आपल्या कोणत्या आजीने सांगितले होते? आपल्या वाडवडिलांना जंगलशास्त्र पाठ नव्हते, पण कोणत्या महिन्यात कुठे विस्तव करावा हे त्यांना बरोबर कळत होते.

अडचण अशी झाली आहे की आपल्या सुट्ट्यांचे आणि जंगलाच्या धोक्याचे महिने नेमके एकच आहेत. महाराष्ट्रात वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. मुलांच्या परीक्षा संपतात एप्रिलात. त्याआधी होळी, गुढीपाडवा, जोडून आलेले शनिवार-रविवार. मुलांना निसर्ग दाखवायला आपण नेतो तो त्याच दिवसांत. हंगामाबाहेरही पूर्ण निर्धास्त राहण्यासारखी स्थिती नसते. २०१८ च्या डिसेंबरात मुंबईत गोरेगावच्या बाजूच्या डोंगरावर मोठी आग लागली होती, ती ऐन थंडीतच. पावसाळा संपून दोन महिने झाले की उघड्या उतारावरचे गवत काडीसारखे वाळते आणि एकतीस डिसेंबरचे तंबू नेमके त्यातच लागतात.

वाळले गवत कसे पेटते हे शहरातल्या माणसाला नीट ठाऊक नसते. त्याच्या डोळ्यांपुढे गॅसची शेगडी असते. बटण फिरवले की आग जागच्या जागी थांबते. डोंगरावरची आग चढाने वर पळते, कारण तिची ज्वाळा वरच्या गवताला आधीच शेकून तयार ठेवते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. शेकोटी विझली असे वाटते तेव्हाही राखेखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो. वरून माती लोटली तर तो मरत नाही, पांघरूण घेऊन झोपतो. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा पाणी ओतायचे आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ धरायची. ऊब लागली तर विस्तव विझलेला नाही. एवढे पाणी डोंगरावर कोण वाहून नेतो?

कायदा याबाबत मोघम नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे सव्विसावे कलम राखीव वनात आग लावायला तर बंदी करतेच, पण वनाला धोका होईल असा विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडून जाणे हाही गुन्हा ठरवते. वनाधिकाऱ्याने जाहीर केलेल्या मुदतीखेरीज वनात विस्तव बाळगणे किंवा घेऊन फिरणेही त्यात आले. म्हणजे पेटती सिगारेटसुद्धा आली. अभयारण्यांसाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिसावे कलम आहे. १९२७ च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. काही राज्यांनी ती पुढे वाढवली.

पण त्याच सव्विसाव्या कलमात आणखी एक तरतूद आहे आणि ती वाचून मी थबकलो. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने वनाला आग लागली, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार काही काळ स्थगित करू शकते. हे हक्क कोणाचे? शेजारच्या गावाचे. शिवाय एकोणऐंशिव्या कलमाप्रमाणे वनात हक्क असलेल्या माणसाने आगीची खबर देणे आणि ती विझवायला धावणे हे त्याचे कर्तव्य आहे. म्हणजे आग पाहुण्याने लावली तरी ती विझवायची गावकऱ्याने, आणि वर गुरे घरी बांधून ठेवायची तीही त्यानेच. पाहुण्याचे तिथे काही नाही, त्यामुळे स्थगित होण्यासारखेही काही नाही. तो सोमवारी कचेरीत हजर असतो.

बंदीचा विषय निघाला की शहाणी, शिकलेली माणसे एक वाक्य हटकून बोलतात. “आम्ही काळजी घेतो हो.” या वाक्यात थोडा रागही असतो. बेफिकीर लोकांसाठी नियम करा, आम्हाला कशाला? त्यांना मी बँकेतल्या तिजोरीची गोष्ट सांगतो. शाखेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे राहतात. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. माझ्या नोकरीत मी कितीतरी वर्षे यांतली एक चावी खिशात बाळगली. दुसरी चावी ज्यांच्याकडे असे ते बहुतेक अतिशय सचोटीचे गृहस्थ होते. आपल्यावर अविश्वास दाखवला म्हणून त्यांच्यापैकी कोणी कधी रुसले नाही. उलट प्रामाणिक माणसालाच हा नियम हवासा वाटतो. त्याच्यावर उद्या आळ येऊ नये म्हणून. नियम माणसाची नियत तपासायला केलेला नसतो. तिजोरीत जे आहे ते आपले नाही, एवढ्याचसाठी तो केलेला असतो.

जंगलाचेही तसेच आहे. ते सरकारी आहे, म्हणजे सर्वांचे आहे, म्हणजे तुमचे-माझे एकट्याचे नाही. आणि आगीला काळजी घेणारा आणि न घेणारा यांतला फरक कळत नाही. चौकीवरच्या वनरक्षकालाही तो चेहरा पाहून कळणे शक्य नाही. त्याच्या हद्दीत कित्येक चौरस किलोमीटर जंगल असते आणि रविवारी शेकडो माणसे. प्रत्येकाची सावधगिरी तो कशी मोजणार? म्हणून सरसकट बंदी. ती तुमच्या शहाणपणाचा अपमान नव्हे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी नातवाला घेऊन सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर मुक्कामाला गेलो होतो. शेजारी पाच-सहा तरुणांचा गट होता. मुले सभ्य होती. मला पाठीवरची पिशवी उतरवायला त्यांनीच मदत केली. अंधार पडल्यावर ते लाकडे गोळा करू लागले, तेव्हा आमच्याबरोबर आलेला गावातला वाटाड्या म्हणाला, “दादा, इथं नको. गवात लय वाळलंय.” मुले हसून म्हणाली, “मामा, आम्ही दरवर्षी करतो. काही होत नाही.” मीही दोन शब्द सांगून पाहिले. “काका, दगड लावतोय ना भोवती,” असे उत्तर मिळाले. शेकोटी पेटली, गाणी झाली, मध्यरात्री सगळे झोपले. वाटाड्या मात्र झोपला नाही. तो घोंगडी पांघरून त्या निखाऱ्यांच्या वाऱ्याच्या बाजूला पहाटेपर्यंत बसून होता.

काही झाले नाही, हे खरे. पण सदतीस वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत जास्त भीती वाटली ती याच तीन शब्दांची. एका शाखेत एक अधिकारी रजेवर जाताना आपली चावी रीतसर ताब्यात न देता सहकाऱ्याच्या खणात ठेवून गेले. काही झाले नाही. मग पुढच्या वेळीही तसेच केले. काही झाले नाही. असे करता करता नियमच मोडीत निघाला आणि तपासणी अधिकारी आले तेव्हा खण कोणाचा आणि चावी कोणाची याचा पत्ता लागेना. पैसा गेला नव्हता, पण तो गेला नाही हा निव्वळ योगायोग होता. त्या मुलांच्या शेकोट्यांचे तसेच आहे. दरवर्षी काही होत नाही ते त्यांच्या दगडांमुळे की कोणा मामाच्या जागरणामुळे, हे त्यांना कधी कळणारच नाही.

आपण ज्यांच्या नावाने किल्ले चढतो त्या शिवाजी महाराजांचे एक पत्र मराठी वाचकाला परिचयाचे आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागचे, उन्हाळ्याच्या अखेरचे, चिपळूणच्या परिसरात छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, हे त्यातले बजावणे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. त्याच पत्राचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि तो सगळा आगीविषयी आहे. कोणी स्वयंपाकाला आगटी करील, कोणी चिलमीसाठी विस्तव नेईल, जवळ गवत आहे, वारा सुटला आहे याचे भान राहणार नाही. एका खोपटाला आग लागली की सगळी लागतील, गवत जळेल आणि मग घोडी जगवायची कशी. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, इथपर्यंत महाराजांनी विचार केला आहे. हे अधिकारी काही शत्रूचे नव्हते. स्वतःची निवडलेली, विश्वासाची माणसे होती. तरीही त्यांना लिहून बजावले, कारण गवत आणि वारा यांना विश्वासाशी कर्तव्य नसते. शिवजयंतीला १९ फेब्रुवारीला गडागडांवरून ज्योती निघतात. हंगाम सुरू होऊन तेव्हा चारच दिवस झालेले असतात. ज्योत नेणाऱ्या तरुणांनी निघण्याआधी हे पत्र एकदा मोठ्याने वाचावे. ज्योत जंगलातून न नेता पायथ्याशी, मोकळ्या जागेत पेटवली तर तिचे तेज कमी होणार नाही.

आग विझवणारे कोण असतात, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. आपल्याकडे बहुतेक डोंगरांवर बंब पोचत नाही. हिरव्या फांद्या घेऊन माणसे ज्वाळेला झोडपतात. अलीकडे पाठीवर वाहायची हवा फेकणारी यंत्रे आली आहेत, त्यांनी पाला बाजूला सारतात. एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवायला गेलेले तीन वनमजूर होरपळून मेले. माझी जुनी शाखा त्याच मुलखात होती. बातमी वाचली तेव्हा मला त्या खातेदाराचे फोड आलेले हात आठवले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसर अभयारण्यात वनखात्याची चार माणसे जागीच गेली. या आगी पर्यटकांनी लावल्या असे मी म्हणत नाही. सांगायचे एवढेच की कोणीही लावलेली आग शेवटी अशाच माणसाच्या अंगावर जाते.

आणि कधी ती पाहुण्यांच्याही अंगावर येते. ११ मार्च २०१८, रविवार. तामिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात सुट्टीसाठी ट्रेकिंगला गेलेली मंडळी गवताळ उतारावर वणव्यात सापडली. वीसहून अधिक जण मृत्यू पावले, त्यांत तरुण मुली पुष्कळ होत्या. आग कोणी लावली, परवानगी होती की नव्हती, याची पुढे चौकशी झाली आणि त्या राज्याने ट्रेकिंगसाठी नियमही केले. आपल्यापुरता धडा साधा आहे. खालच्या बाजूला धूर दिसला तर डोंगर चढत पळू नये. आग तुमच्यापेक्षा वेगाने चढते. वाऱ्याचा रोख पाहून बाजूला सरकावे, उघडा कातळ, पाणी किंवा आधीच जळून गेलेली जागा गाठावी. आणि ज्या दिवसांत वनखाते वाट बंद ठेवते त्या दिवसांत मुळात जाऊच नये.

माणसांचे झाले, उरलेल्यांचे काय? सह्याद्रीत कारवी नावाचे झुडूप आहे. ते साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि तेव्हा डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. पण फुलल्यानंतर कारवी मरते, आणि तिची वाळलेली बोंडे पुढच्या पावसाची वाट पाहत झाडावरच राहतात. पहिल्या सरी आल्या की ती तडतडा फुटतात आणि बी जमिनीत जाते. आता मधल्या मार्च-एप्रिलात त्या उतारावर वणवा गेला तर? बँकेतला माणूस म्हणून मला ही सात वर्षांची मुदत ठेव वाटते, पावती वटायला दोन महिने उरले असताना जळालेली. टिटवी, रातवा, लावा हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. त्यांच्यापैकी कित्येकांची घरटी याच दिवसांत भरलेली असतात. जमिनीवरचा पाला जळून गेला की पहिला मुसळधार पाऊस उघड्या मातीवर आदळतो आणि ती माती खालच्या ओढ्यात, तिथून धरणात जाऊन बसते. त्या धरणाचे पाणी आपल्या नळाला येते.

यात सगळा दोष पाहुण्यांचा आणि वनखाते मात्र निर्दोष, असे नव्हे. हंगामापूर्वी जाळरेषा काढणे, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले गवत कापून, राखणीत जाळून आगीची वाट तोडणे, हे खात्याचे काम. ते वेळेवर झाले नाही तर फलक लावून उपयोग नाही. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगी टिपून खबर देते. २०१९ च्या त्यांच्या अहवालानुसार देशातल्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भागाला वारंवार आग लागण्याचा धोका आहे. पण उपग्रहाला दिसते ती पेटलेली आग. काडी ओढणारा हात त्याला दिसत नाही. तिथे माणूसच लागतो आणि तो माणूस उन्हाळ्यापुरता, तुटपुंज्या रोजावर ठेवून भागणार नाही. तिकिटाच्या पावतीवर बंदीचा नियम मोठ्या मराठी अक्षरांत छापायला कितीसा खर्च येतो? तंबूंची जागा भाड्याने देणाऱ्याला परवानगी देतानाच शेकोटीची जबाबदारी लेखी का घेऊ नये? कर्ज देताना जामीन घेतो, मग डोंगर देताना का नको?

हे सगळे व्हायला हवे. पण ते होईपर्यंत आपण थांबायचे कारण नाही, आणि इथेच दोन चाव्यांच्या तिजोरीचा खरा गुण आहे. ती उघडायला दोन्ही चाव्या लागतात, पण बंद राहायला एकच माणूस पुरतो. एक अधिकारी ढिला पडला तरी दुसऱ्याने आपली चावी फिरवली नाही, तर आतले सुरक्षित राहते. जंगलाची एक चावी सरकारकडे आहे. दुसरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आहे, काडीपेटीच्या किंवा लायटरच्या रूपाने.

तेव्हा या उन्हाळ्यात मुलांना घेऊन जरूर जा. जंगल पाहिल्याशिवाय त्याची माया लागत नाही. जाण्याआधी त्या भागात काय बंद आहे हे वनखात्याच्या चौकीवर विचारा. जेवण पायथ्याच्या गावात सांगा. पिठले-भाकरी, ठेचा, वर ताक. तुमची चूल वाचते आणि त्या घरात चार पैसे जातात. नाहीतर दशम्या आणि चटणी बरोबर न्या. चहा थर्मासात न्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती गाडी उभी केली तिथेच संपवावी. रात्री उजेड हवा तर विजेरी पुरे, आणि विजेरी मालवली तर चैत्रातले आभाळ फुकट आहे. धूर दिसला तर ११२ वर किंवा राज्याच्या वनखात्याने तक्रारी व खबरीसाठी जाहीर केलेल्या १९२६ वर कळवा. जागा नीट सांगा, जवळचे गाव कोणते ते सांगा. स्वतः झोडपायला धावू नका. ते जाणत्यांचे काम आहे.

आणि शेजारच्या गटाने लाकडे गोळा करायला घेतली तर बोला. ऐकतीलच असे नाही. बोलणाऱ्याला म्हातारा, कटकट्या, सहलीचा विरस करणारा असे काहीबाही ऐकावे लागते. बँकेत चावी फिरवायला नकार देणाऱ्यालाही हेच ऐकावे लागे. पण असा एखादा माणूस ज्या शाखेत असे, तिथले मॅनेजर रात्री शांत झोपत. आपल्याबरोबर येणाऱ्या त्या मामालाही एखादी रात्र तशी झोप मिळायला हरकत नाही.